देठ पाहून भोपळा लावा: सोलापूरच्या परसबागेसाठी काही वेगळ्या, चविष्ट जाती

ज्वारी घेताना ती मालदांडीच आहे ना, याची दहादा खात्री करून घेणारा सोलापूरकर मंडईत लाल भोपळ्यापुढे उभा राहिला की मात्र ‘अर्ध्या किलोची फोड द्या’ एवढेच म्हणतो. वांगे भरताचे की भाजीचे, मिरची तिखट की पोपटी, हे आपण विचारतो. भोपळा कोणत्या जातीचा, हे कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी विक्रेत्याला ते सांगता येत नाही. घरात त्याला कोणी डांगर म्हणते, कोणी काशीफळ. शेजारच्या तेलुगू घरात तो गुम्मडिकाय असतो आणि कन्नड घरात कुंबळकाई. नावे इतकी असूनही सगळ्यांच्या ताटात येणारी भाजी बहुधा एकाच चवीची, थोडी गोड आणि बरीच पाणचट असते. भोपळ्याच्या जातींमध्ये चवीचा केवढा फरक असतो, हे बाजारातून कळण्याचा मार्ग नाही. तो कळायचा असेल, तर एखादा वेल घरीच लावावा लागतो.

माझी सुरुवात फसलेली होती. पाकिटावरच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांच्या देखण्या चित्राला भुलून मी फेब्रुवारीत सहा बिया लावल्या, वेल झपाट्याने वाढले, फुलेही आली, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे वेल पाने टाकून बसले. मातीला दोष दिला, पाण्याला दोष दिला. खरा दोष माझ्या निवडीचा होता, कारण सौम्य हवा मानवणाऱ्या कुळातले बी मी सोलापूरच्या उन्हाळ्यात लावले होते. म्हणून या लेखात जातींची नावे सांगण्याआधी कुळांची ओळख करून दिली आहे. नवशिक्याने ती पायरी वगळू नये.

पहिली पायरी: कूळ ओळखणे

आपण ज्यांना भोपळा म्हणतो, ती फळे मुख्यतः तीन वनस्पती-प्रजातींची, म्हणजे या लेखापुरती तीन कुळांची, असतात: कुकुर्बिटा मोश्चाटा, कुकुर्बिटा मॅक्सिमा आणि कुकुर्बिटा पेपो. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत. मेक्सिकोतील वाहाका भागातल्या एका गुहेत पेपोच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या लागवडीखालील बिया सापडल्या आहेत. युरोपीय जहाजांनी अमेरिका गाठल्यानंतरच हे वेल आपल्याकडे आले, त्यामुळे जुन्या संस्कृत ग्रंथांतला कूष्मांड म्हणजे लाल भोपळा नव्हे, तो कोहळा होय.

कूळ ओळखण्याची सोपी खूण देठात असते. मोश्चाटाचा देठ कडक आणि पाच कंगोऱ्यांचा असतो, आणि फळाला चिकटतो तेथे तो चांदणीसारखा पसरतो. पाने मऊ असून त्यांच्यावर पुष्कळदा पांढुरके ठिपके दिसतात. मॅक्सिमाचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा असतो, आणि फळ पिकत आले की त्याच्यावर उभ्या भेगा पडतात. पेपोचा देठ कंगोरेदार व कडक असला तरी फळापाशी फारसा पसरत नाही, आणि त्याच्या पानांना व दांड्यांना हात लावला की बारीक काटे टोचतात. पुढच्या वेळी मंडईत जाल तेव्हा फोडीकडे पाहण्याआधी अख्ख्या फळाचा देठ पाहावा. चार दिवसांत नजर तयार होते.

या ओळखीचा सोलापुरात थेट उपयोग असा, की तिन्ही कुळांना आपले सगळे ऋतू सारखे मानवत नाहीत. मोश्चाटा उष्ण, सखल प्रदेशातले कूळ असल्याने आपल्या उन्हाला आणि पावसाळी दमटपणालाही सर्वांत चांगले तोंड देते. मॅक्सिमाची चव बहुतेक वेळा सर्वांत उजवी असते, पण त्याला ऊबदार दिवस आणि थंड रात्री हव्यात, म्हणजे आपला हिवाळा. पेपो लवकर फळे देते आणि लवकर थकते. तेही हिवाळ्यातच लावावे.

दुसरी पायरी: जात आणि तिथी ठरवणे

अगदी पहिल्यांदा वेल लावणाऱ्याने बटरनट निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा मोश्चाटा कुळातला, लांब मानेचा आणि खाली घंटेसारखा फुगीर भोपळा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टो या गावी, चार्ल्स लेगेट यांनी १९४० च्या दशकात तयार केला. फळ एक ते दीड किलोचे, साल पातळ, बियांची पोकळी फक्त खालच्या फुगीर भागात आणि मान सगळी भरीव. त्यामुळे चार माणसांच्या घरात एक फळ एका वेळी संपते आणि उरलेली फोड फ्रिजमध्ये सुकत पडत नाही. बी लावल्यापासून १०० ते ११० दिवसांत फळ तयार होते. गर केशरी, तलम आणि धागेविरहित असतो. बियाणेही आता सहज मिळते, पण मॉलमधून आणलेल्या बटरनटच्या बिया लावू नयेत. ते फळ बहुधा संकरित वाणाचे असते, आणि त्याच्या बियांतून कोणत्या आकाराचे व चवीचे फळ येईल हे सांगता येत नाही.

मोश्चाटातल्या आणखी तीन जाती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ब्लॅक फुत्सू ही जपानची जुनी जात; फळ किलो-दीड किलोचे, चपटे, खोल खाचांचे आणि खडबडीत, आधी काळपट हिरवे आणि पिकल्यावर तपकिरी होऊन वर राखेसारखी पांढरी झाक येणारे. दिसायला ते विस्तवातून काढल्यासारखे दिसते, आणि आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी ते सडके समजून बाजूला ठेवल्याचेही घडले आहे. साल पातळ असल्याने ते सालासकट खाता येते आणि गराला सुक्यामेव्यासारखा स्वाद असतो. सेमिनोल ही फ्लोरिडातील सेमिनोल लोकांनी जपलेली जात. उष्णता आणि दमट हवा सोसण्यात हिच्या तोडीची जात क्वचितच सापडेल, साल इतकी टणक की कोयत्याला दाद देत नाही, आणि म्हणूनच फळ घरात महिनोन्महिने टिकते. मात्र तिचा वेल फार पसरतो, तेव्हा ती कुंपण किंवा रिकामी जागा असणाऱ्यांसाठी आहे. तिसरी, फ्रान्सची म्युस्के द प्रोव्हान्स: चक्राकार, खोल फाकांची, पिकल्यावर गुळाच्या ढेपेच्या रंगाची. फळ पाच किलोंच्या पुढे सहज जाते, त्यामुळे मांडवावर किंवा गच्चीवर तिचा विचारही करू नये. पण जमिनीवर जागा असेल, तर कच्ची किसून कोशिंबीर करता येईल इतका तिचा गर कोवळा आणि सुगंधी असतो.

मॅक्सिमात पहिला मान कबोचाचा. गडद हिरवी साल, पिवळाधमक कोरडा गर आणि उकडलेल्या रताळ्याची आठवण करून देणारी चव. नावाची कथाही गमतीची आहे: सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कंबोडियाहून जपानात नेलेले भोपळे त्या देशाच्या नावावरून ‘कबोचा’ म्हटले गेले, ते मोश्चाटा होते, आणि आज त्या नावाने विकले जाणारे बहुतेक भोपळे मात्र एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून तेथे पोहोचलेल्या मॅक्सिमाचे वंशज आहेत. कबोचाचाच भाऊबंद रेड कुरी. साल शेंदरी, आकार कांद्यासारखा टोकदार, वजन किलो-दीड किलो, आणि चव उकडलेल्या शिंगाड्याच्या जवळ जाणारी. इटलीचा मरीना दी क्योज्जा हा निळसर हिरव्या, फोडाफोडांच्या सालीचा भोपळा दिसायला कुरूप आणि चवीला उत्तम आहे, पण त्याला दिवस जास्त लागतात, आणि आपला हिवाळा त्याला अपुरा पडतो, असा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे.

वेगळेपणासाठी प्रत्येक वेळी परदेशी नावामागे जावे लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेली अर्का सूर्यमुखी ही मॅक्सिमा कुळातली जात एकेक किलोची, चपटी, नारिंगी आणि पांढुरक्या पट्ट्यांची फळे देते, आणि फळमाशीला ती बरीचशी दाद देत नाही. त्याच संस्थेची अर्का चंदन ही मोश्चाटा जात दोन-तीन किलोंची फळे देते. गर घट्ट आणि सुवासिक असतो. विदेशी बियाण्यांवर पैसे घालण्याआधी या दोहोंपैकी एक लावून पाहावी. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकरवी बियांच्या पुड्या मागवण्याचा मोह मात्र टाळावा. वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार बियाण्यांच्या आयातीला परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते. देशातच अधिकृतपणे विकले जाणारे बियाणे घ्यावे.

पेपोतल्या जातींबद्दल थोडक्यात: स्पगेटी भोपळा शिजवल्यावर काट्याने उकरला की शेवयांसारखे धागे सुटतात, मुलांना त्याची मौज वाटते, पण चव साधारणच. डेलिकाटा लहान, पट्टेरी आणि खरोखर गोड. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागातल्या तेलबियांच्या भोपळ्याला टरफल नसलेल्या हिरव्या बिया येतात, म्हणून तो लावावा असे वाटते. त्याचा गर खाण्यात मात्र फारसा अर्थ नाही.

आता तिथी. मोश्चाटा कुळातल्या जाती मृगाचा पाऊस पडून माती थंड झाली की, म्हणजे जूनच्या मध्यापासून आषाढीपर्यंत लावाव्यात, किंवा जानेवारीत लावाव्यात, म्हणजे एप्रिलच्या भाजून काढणाऱ्या उन्हाआधी फळधारणा होऊन जाते. मॅक्सिमा आणि पेपो घटस्थापनेच्या आसपास लावावेत. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, त्या ओलीत कोवळी रोपे कुजतात, म्हणून घाई करू नये. नवरात्रात लावलेला रेड कुरी किंवा कबोचा साधारण ९५ ते १०० दिवसांत, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास उतरतो.

तिसरी पायरी: जागा आणि माती

एका वेलाला जमिनीवर किमान दोन मीटर औरसचौरस जागा आणि दिवसाचे सहा तास ऊन हवे. जागा कमी असेल तर वेल मांडवावर किंवा जिन्याच्या कठड्यावर चढवता येतो, मात्र दोन किलोंहून जड फळांची जात त्यासाठी निवडू नये, आणि किलोच्या पुढच्या प्रत्येक फळाला झोळी बांधावी. झोळीसाठी जुन्या नेटच्या साडीचा तुकडा उत्तम. एकदा मी जुनी सोलापुरी चादर फाडून झोळ्या केल्या होत्या; पहिल्याच पावसात त्या फळांपेक्षा जड झाल्या आणि मांडवच वाकला.

आपल्याकडची काळी माती सुपीक आहे, पण पावसात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळते. भोपळ्याच्या मुळांना या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. म्हणून दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन निघालेल्या मातीत तितकेच कुजलेले शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि माती फार चिकट असेल तर दोन घमेली बारीक मुरूम किंवा वाळू मिसळावी, आणि हे मिश्रण परत भरताना जमिनीपेक्षा वीतभर उंच ढीग ठेवावा. बी त्या उंचवट्यावर लावायचे, पाणी देण्याचे आळे त्याच्या भोवती करायचे. मुरमाड जमीन असेल तर निचऱ्याची काळजी नाही, पण खत दीडपट घालावे लागेल.

गच्चीवर लावायचे असल्यास १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच पिशवीत एकच वेल लावावा. अशी पिशवी भरल्यावर त्यात ७० ते ७५ लिटर माती बसते आणि ओली असताना तिचे वजन एका माणसाइतके होते, म्हणून ती गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीवर किंवा तुळईवर येईल अशी ठेवावी. बारा इंची कुंडीत भोपळा लावणारे मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या वेलाला पाने येतात, फुले येतात, आणि हाती परीक्षेतला भोपळा येतो.

चौथी पायरी: बी लावणे

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळावे आणि मोड दिसताच, टोकाची बाजू खाली ठेवून, एक इंच खोल लावावे. प्रत्येक आळ्यात तीन बिया लावाव्यात आणि पंधरा दिवसांनी सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, कारण उपटताना शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. याच कारणाने रोपे ट्रेमध्ये वाढवून हलवणे मी टाळतो. हलवायचेच असेल तर कागदी कपात रोप करावे आणि दोन खरी पाने येताच कपाचा तळ फाडून कपासकट लावावे.

याच दिवसांत तांबडे भुंगेरे येतात आणि कोवळ्या पानांची चाळण करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात. तेव्हा ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत आणि पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरावी. पहिले तीन आठवडे रोप वाचले की पुढे हे भुंगेरे फार नुकसान करू शकत नाहीत.

पाचवी पायरी: पाणी, आच्छादन आणि खत

ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे भोपळ्यासारखा मोठ्या पानांचा वेल लावणे हा उधळेपणा आहे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आच्छादनात आहे. आळ्यात उसाचे पाचट किंवा ज्वारीचा चिरलेला कडबा चार बोटे जाड पसरला, तर मातीतला ओलावा हिवाळ्यात तीन-चार दिवस टिकतो आणि फळेही ओल्या मातीला टेकत नाहीत. पाणी सकाळी, मुळाशी आणि भरपूर द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात. भर दुपारी पाने मान टाकतात, ती पाहून नवशिका पाण्याची बादली घेऊन धावतो. थांबावे. संध्याकाळपर्यंत पाने उभी राहिली तर पाण्याची गरज नव्हती. राहिली नाहीत तरच पाणी द्यावे.

वेल सरपटू लागला की आणि पहिली फळे धरली की, अशा दोन वेळा प्रत्येकी दोन ओंजळी गांडूळखत पुरे. नत्राचा मारा केला तर पानेच पाने येतात.

सहावी पायरी: फुले

‘फुले खूप येतात, फळ एकही धरत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. भोपळ्याच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात, आणि पहिले दहा-पंधरा दिवस बहुतेक नरफुलेच येतात. ती गळणारच. मादीफूल ओळखणे सोपे आहे: पाकळ्यांखाली त्या जातीच्या आकाराचे इवले फळ असते, बटरनटचे तर अगदी खेळण्यातल्या बाटलीसारखे. कडक उन्हात नरफुलांचे प्रमाण आणखी वाढते, हेही उन्हाळी लागवडीत फळ कमी धरण्याचे एक कारण आहे.

मधमाश्या असतील तर काही करावे लागत नाही. भरवस्तीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर, त्या पुरेशा येत नाहीत. तेथे हाताने परागीभवन करावे. फुले पहाटे उमलतात आणि नऊ-दहापर्यंत मिटतात, म्हणून हे काम सकाळी सहा ते आठच्या दरम्यानच करायचे. ताजे नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधल्या दांड्यावरचे पिवळे पराग मादीफुलातल्या गड्ड्याच्या सर्व भागांवर हलकेच फिरवावेत. एकाच बाजूला लावले तर फळ वाकडे होते किंवा आठवड्यात पिवळे पडून गळते. एक नरफूल दोन मादीफुलांना पुरते. उरलेल्या नरफुलांची भजी करावीत, फक्त आतला परागदांडा काढून टाकावा, नाहीतर कडवटपणा लागतो.

एका वेलावर लहान जातीची चार-पाच, मध्यम जातीची दोन-तीन आणि म्युस्केसारख्या मोठ्या जातीचे एखाददुसरेच फळ ठेवावे, बाकीची कोवळी असतानाच भाजीला काढावीत. फळे कमी ठेवली की गर घट्ट आणि गोड होतो. हे मनाला पटायला मला तीन हंगाम लागले.

रोग आणि किडी

फळमाशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते आणि फळ आतून सडते. फळ लिंबाएवढे होताच त्याला जुन्या कापडाची किंवा वर्तमानपत्राची सैल पिशवी बांधावी, क्यू-ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचा) एक सापळा वेलाजवळ टांगावा आणि गळलेली फळे खोल पुरावीत, उकिरड्यावर टाकू नयेत. हिवाळ्यात पानांवर पिठासारखी भुरी येते. खालची जुनी पाने काढावीत आणि एक भाग दूध व नऊ भाग पाणी यांचे मिश्रण आठवड्यातून एकदा सकाळी उन्हात फवारावे. पाने आखडून पिवळी-हिरवी चितकबरी झाली तर तो विषाणू आहे, त्याला औषध नाही. वेल उपटून टाकावा. कोणतीही फवारणी फुले मिटल्यानंतरच करावी.

सातवी पायरी: उतरवणे आणि मुरवणे

वेगळ्या जातीचा भोपळा कष्टाने वाढवून लोक तो पंधरा दिवस आधी उतरवतात आणि उतरवल्या दिवशीच चिरतात, आणि मग ‘यात काय विशेष’ म्हणतात. मी पहिला कबोचा असाच चिरला होता. तो बिनमिठाच्या उकडलेल्या बटाट्यासारखा लागला. कबोचा तोडताना त्याच्या गरात साखरेपेक्षा पिष्टच जास्त असते, आणि घरात ठेवल्यावर तीन-चार आठवड्यांत त्यातल्या बऱ्याचशा पिष्टाची साखर होते. त्याच वेलावरचा दुसरा कबोचा फेब्रुवारीत चिरला, तेव्हा तो दुसऱ्याच कोणाच्या बागेतला वाटला.

बटरनटच्या देठाजवळच्या हिरव्या रेषा पूर्ण नाहीशा होऊन सगळी साल खाकी झाली की तो पक्व झाला. कबोचाचा रंग बदलत नाही. त्याचा देठ बुचासारखा कोरडा होऊन भेगाळतो, तेव्हा फूल फळल्यापासून ४५ ते ५० दिवस झालेले असतात, म्हणून फळ धरल्याची तारीख देठाला चिठ्ठी बांधून लिहून ठेवावी. फुत्सूचा हिरवेपणा जाऊन तो तपकिरी व्हायला हवा. सर्वांसाठी सामाईक कसोटी म्हणजे नख: सालीत नख रुतले तर फळ कच्चे आहे. तोडताना फळ पिरगाळू नये. तीन बोटे देठ ठेवून कात्रीने कापावे, कारण देठ तुटलेल्या जागेतूनच कूज आत शिरते, आणि उचलतानाही देठाला धरू नये.

तोडलेली फळे दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवून त्यांची साल कडक होऊ द्यावी. थंड देशांत यासाठी २७ ते ३० अंशांची खोली मुद्दाम तयार करावी लागते. जानेवारीत सोलापूरच्या ओसरीवर दुपारी ते तापमान आपोआप असते. नंतर घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, कडब्यावर, एकमेकांना टेकणार नाहीत अशी ती मांडावीत आणि दर आठवड्याला पाहावीत. मॅक्सिमाची फळे मार्च उजाडेपर्यंत संपवावीत, मोश्चाटा त्यापुढेही टिकतात. डेलिकाटा मुरवण्याची गरज नाही, आठवड्याभरात खावा.

स्वयंपाकघरात

विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणजे काय, हे कबोचा चिरताना नीट कळते. अख्खे फळ सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून पाच मिनिटे वाफवले की ते मुकाट्याने चिरले जाते. त्याचा गर कोरडा असल्याने घारग्यांना कणीक कमी लागते आणि भोपळ्याची चव गुळाखाली दबत नाही. उलट मळताना चमचाभर दूध घालावे लागते. बटरनट गॅसवर भाजून त्यात दही आणि शेंगदाण्याचे कूट घातलेले भरीत कडक भाकरीबरोबर खावे. फुत्सूच्या सालासकट चकत्या करून तव्यावर थोड्या तेलात परताव्यात आणि वरून शेंगाचटणी भुरभुरावी.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. घरच्या कोणत्याही भोपळ्याची कच्ची फोड जिभेला कडू लागली, तर ते फळ शिजवूनही खाऊ नये, गुरांनाही घालू नये. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, आणि शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या पेपोच्या बियांतून तो येऊ शकतो.

पुढच्या वर्षीचे बी

एकाच कुळातल्या दोन जाती जवळजवळ लावल्या तर त्यांचा संकर सहज होतो. या वर्षीच्या फळाची चव त्याने बदलत नाही, पण त्यातल्या बिया मिश्र होतात, आणि त्या लावणाऱ्याच्या भ्रमाचा भोपळा पुढच्या हंगामात फुटतो. वेगवेगळ्या कुळांतला संकर सहसा होत नाही, म्हणून छोट्या बागेत एक मोश्चाटा आणि एक मॅक्सिमा ही जोडी सर्वांत सोयीची. एकाच कुळातल्या दोन जाती लावल्याच असतील, तर उद्या उमलणारे एक नरफूल आणि एक मादीफूल आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावे, सकाळी सोडून त्यांचे हाताने परागीभवन करावे आणि मादीफूल पुन्हा बांधून देठाला रंगीत धागा लावावा. ते फळ पूर्ण पिकू द्यावे, तोडल्यावर आणखी तीन आठवडे ठेवावे आणि मग बिया काढून, धुऊन, सावलीत कडकडीत वाळवाव्यात. कागदी पुडीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास त्या चार-पाच वर्षे उगवतात. पुडीवर जातीचे नाव, कूळ आणि वर्ष तिन्ही लिहावे. ‘गोड, मोठा’ एवढेच लिहिलेली एक पुडी माझ्या डब्यात तीन वर्षे पडून आहे, आणि ती जूनमध्ये लावायची की नवरात्रात, हे मला अजून ठरवता आलेले नाही.